कळतं, पण वळत नाही

पुस्तक वाचून पोहता येत नाही, हे वाक्य मी आजवर निदान दोनशे लोकांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांना पोहता येत नव्हते, आणि वाचायची सवयही नव्हती. तरीसुद्धा हे वाक्य उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येते, ते कुलाबा किल्ल्याला पोहत वळसा घालून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही दिसायचे नाही. आम्हां अलिबागकरांच्या तर दाराशीच समुद्र, त्यामुळे या वाक्याचा खप आमच्याकडे जरा जास्तच. कोणी पाककृतींचे पुस्तक आणले, की हे वाक्य. कोणी पेटी शिकण्यासाठी वही घातली, की हे वाक्य. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी मोटार शिकायचे ठरवले आणि सुरुवात म्हणून वाहतुकीच्या नियमांचे पुस्तक विकत आणले, तेव्हा एका दिवसात सात जणांनी मला हे वाक्य ऐकवले. सातवी आमची ही. पहिल्या सहांना मी उत्तर दिले नाही. सातव्या खेपेला उत्तर देण्याचा प्रश्नच नव्हता.

मी बँकेत कारकून आहे आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. ही माहिती एवढ्यासाठीच देतो, की घरी बसून शिकण्यावर माझी इतकी श्रद्धा का, ते वाचकांना कळावे. आमच्या शाखेत सगळे घरी बसूनच शिकतात. एकाही कारखान्याचे दार न पाहता आम्ही कारखान्याचा उत्पादनखर्च काढलेला असतो, आणि ज्याच्या खिशात महिनाअखेरीला शंभराची नोट टिकत नाही त्यानेही कंपनीचे भाग जप्त करण्याच्या नोंदी पाठ केलेल्या असतात. असा माणूस मोटार शिकताना आधी पुस्तक उघडणार नाही, तर काय बॉनेट उघडणार?

रात्रीची जेवणे आटोपली की मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसत असे. हातात मोठ्या पातेल्यावरचे झाकण, पायांखाली तीन चपला. डावीकडची क्लच, मधली ब्रेक, उजवीकडची ॲक्सिलरेटर. समोर ओट्याला टेकवून पुस्तक. पुस्तकाप्रमाणे रस्त्यावरच्या चिन्हांच्या तीन जाती आहेत. गोल असतात ती हुकूम देणारी, त्रिकोणी असतात ती सावध करणारी आणि चौकोनी असतात ती नुसती माहिती देणारी. घरातल्या माणसांचीही अशी विभागणी करता येईल असे मला वाटून गेले; पण स्वयंपाकघरात बसून ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता.

"अहो, ती मधली चप्पल माझी आहे," ही म्हणाली.

"अगं, तो ब्रेक आहे."

"असू दे. पण एवढा जोरात दाबू नका. अंगठा तुटेल तिचा."

कायदा मात्र माझ्या बाजूचा निघाला. आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याखालच्या नियमांनी एक क्रम ठरवून दिला आहे : आधी डोके, मग हात. चिन्हे, रस्त्याचे नियम, अपघात झाला तर चालकाने काय करायचे, फाटक नसलेले रेल्वे-क्रॉसिंग कसे ओलांडायचे, जवळ कोणते कागद बाळगायचे, हे आधी विचारतात. ते आले तर सहा महिन्यांचा शिकाऊ परवाना. आणि तो मिळून निदान तीस दिवस झाल्याशिवाय गाडी चालवून दाखवायची परीक्षा नाही. म्हणजे पाण्यात उतरण्यापूर्वी पुस्तक वाचल्याचा दाखला मागणारी निदान एक तरी विद्या या देशात आहे. शिवाय जून २०२१ पासून आपल्या महाराष्ट्रात ही पहिली परीक्षा घरबसल्या देता येते. पेणच्या कार्यालयात जाऊन रांग लावायला नको. आधार क्रमांक, संगणक आणि पंधरा प्रश्न. पंधरांपैकी नऊ आले की पास.

साठ टक्के. आमच्या वेळी बी.कॉम.ला साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग होता, आणि तो मिळाला तर पेढे वाटत. पण या नवाचा मी बँकेच्या बाजूने विचार केला आणि मला झोप येईना. समजा, खिडकीवर एखाद्या खातेदाराने मला पंधरा नोटा दिल्या आणि त्यांतल्या नऊ खऱ्या निघाल्या. मी त्याचे अभिनंदन करून पेढे मागीन का? उरलेल्या सहांचे काय? रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाला कोणत्या सहा येत नाहीत, ते त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. त्या सहांत लाल दिवा असू शकतो.

इथवर सगळे विनोदाने चालले होते. पुढे त्यात आमचे चिरंजीव आले.

चिरंजीव एकोणीस वर्षांचे आहेत आणि त्यांच्याजवळ पक्का परवाना आहे. गाडी उत्तम चालवतात. मेहुण्यांकडून घेतलेली आमची जुनी वॅगन आर माझ्या शब्दाला मान देत नाही, ती त्यांच्या करंगळीवर नाचते. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधून जाणाऱ्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर, एका बाजूला पोफळी आणि दुसऱ्या बाजूला एसटी, या दोघांमधून ते गाडी अशी काढतात, की पोफळीचे पान हलत नाही. मी परीक्षेला बसणार हे कळल्यावर त्यांनी मोठ्या मनाने सांगितले, "बाबा, एवढा काय अभ्यास करताय? मी बसतो ना शेजारी. पटापट टिका मारू."

"तुझ्या वेळी कोण बसलं होतं?" मी सहज विचारले.

"कोणी नाही. मीच नव्हतो."

एका दुकानात आधार कार्ड आणि तीनशे रुपये दिले होते. दुकानातल्या मुलाने एका हाताने वडापाव खात दुसऱ्या हाताने पंधरा उत्तरे दिली. चिरंजीव तेवढ्यात बाहेर मित्राशी बोलत होते. ही हकिकत त्यांनी मला लपवाछपवी न करता, वेळ कसा वाचवावा याचे उदाहरण म्हणून सांगितली. वर म्हणाले, "सगळेच करतात, बाबा. आणि मला गाडी येते की नाही? मग?"

हा 'मग' मला आठ दिवस पुरला. कारण त्याला चटकन उत्तर नव्हते. एकाच घरात, एकाच गाडीचे दोन इच्छुक. एकाला गाडी येते, पण त्याचा कागद खोटा. दुसऱ्याचा कागद अस्सल, पण त्याला गाडी येत नाही. किल्ली कोणाच्या हातात द्यावी? कायद्याचे उत्तर तर मजेशीर आहे. शिकाऊ माणसाशेजारी पक्का परवाना असलेला शिक्षक बसला पाहिजे, आणि तो असा बसला पाहिजे की वेळ आली तर त्याला गाडी थांबवता येईल. आमच्या घरात असा परवाना एकट्या चिरंजिवांकडे. म्हणजे कायद्याने ते माझे गुरू झाले.

परीक्षा मी एकट्याने दिली. हिला माजघरात पाठवले, चिरंजिवांना समुद्रावर. गुण किती पडले हे स्वतः सांगणे शिष्टाचाराला धरून नाही. पंधरा पडले.

मला एक भेद दिसायला लागला होता. कॉस्टिंगच्या पेपरात शेजाऱ्याचे बघून लिहिणाऱ्या माणसामुळे रस्त्यात कोणाचे हाड मोडल्याचे ऐकिवात नाही. तो फसवतो ते विद्यापीठाला, आणि विद्यापीठाला त्याची सवय असते. पण शिकाऊ परवान्याच्या पेपरात आपण कोणाला फसवतो? सरकारला? सरकार काही आक्षीच्या वळणावरून डोक्यावर पाटी घेऊन पहाटे चालत जात नाही. तिथून चालणारी मावळ्याची… नव्हे, कोळ्याची बाई आपल्याला ओळखत नाही. तिने आपली परीक्षा घेतलेली नाही. तिच्या वतीने कोणीतरी आपल्याला पंधरा प्रश्न विचारून ठेवले आहेत, आणि त्या भरवशावर ती कडेने चालली आहे. बँकेत आम्ही सही जुळवतो ती समोरच्या माणसावर संशय म्हणून नव्हे; जो समोर नाही त्याचे पैसे आमच्याकडे असतात म्हणून.

चिरंजिवांशी मी असे बोललो असतो तर ते उठून गेले असते. म्हणून एका रात्री जेवताना मी पुस्तकातले पंधरा प्रश्न त्यांना विचारले. त्यांनी सात बरोबर सांगितले. हॉर्न, सीटबेल्ट, लाल दिवा यांची उत्तरे फाडफाड आली. अरुंद चढणीवर आधी कोण, हे आले नाही. चौकातल्या बेटाभोवती आधी कोण, हेही नाही. मग मी विचारले, "तुझ्या गाडीने कोणी जखमी झालं तर तुझं पहिलं कर्तव्य काय?"

"तुम्हांला फोन करायचा," ते म्हणाले.

हिने आमटीचे भांडे खाली ठेवले. मी काही बोललो नाही. बाप म्हणून मला ते उत्तर आवडले होते, हे खरे आहे. पण कायद्याच्या एकशे चौतिसाव्या कलमात बाप नाही. तिथे आहे तो जखमी माणूस : आधी त्याला डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोचवण्याची व्यवस्था, आणि मग पोलिसांना खबर, ती जास्तीत जास्त चोवीस तासांच्या आत. माणूस रस्त्यात पडलेला असताना ही उत्तरे कोणी पुस्तक काढून बघत नसतो. त्या वेळी आधीपासून डोक्यात असेल तेच हातून होते. नसेल, तर घरी फोन होतो.

आता तत्त्वज्ञानाकडे वळतो. वाचकांनी घाबरू नये, मीही त्यात फार खोल जात नाही. ऑक्सफर्डला गिल्बर्ट राइल नावाचे एक तत्त्वज्ञ होते. त्यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकात असे मांडले, की 'अमुक आहे हे माहीत असणे' आणि 'अमुक करता येणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी ही पहिलीची नक्कल नव्हे. मूळचे हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ आणि पुढे तत्त्वचिंतक झालेले मायकेल पोलान्यी यांनी १९५८ मध्ये सायकलचे उदाहरण दिले. सायकलवरचा माणूस तोल कसा सांभाळतो याचे पक्के गणित आहे. पण ते सायकलवाल्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असलेल्याला त्यामुळे सायकल येते असेही नाही. हे दोघेही, थोडक्यात, आमच्या शेजारच्या काकांच्याच बाजूचे. फक्त काका पोहण्याचे उदाहरण देतात आणि पोलान्यी सायकलचे.

आणि क्लचच्या बाबतीत हे दोघेच काय, आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमधला पोरगाही बरोबर आहे, हे मी मान्य करतो. अर्धा क्लच म्हणजे काय, हे जगातल्या कोणत्याही पुस्तकात सांगता येणार नाही. तो पोरगा सांगतो, "साहेब, पायाला कळतं." पायाला कळते, आणि पाय डोक्याला सांगत नाही. तिथे चपलेवरचा अभ्यास फुकट. त्या पंधरा दिवसांत माझ्या डाव्या पायाला जे कळले ते मला आजही कळलेले नाही.

पण पायाला न कळणाऱ्याही गोष्टी असतात. ताशी साठ किलोमीटर हा वेग घ्या. साठ हजार मीटर भागिले छत्तीसशे सेकंद, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. समोर काही आले, ते डोळ्यांनी पाहिले, डोक्याने ठरवले आणि पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद जातो असे धरले, तर ब्रेकला पाय लागायच्या आधीच गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते. मोबाइलवर कोणाचा निरोप आला ते बघायला तीन सेकंद खाली पाहिले, तर पन्नास मीटर. पन्नास मीटर गाडी डोळे मिटून! आणि वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हे चक्रवाढ व्याजासारखे आहे. कर्ज घेणाऱ्याला हप्ता कळतो, व्याज कळत नाही.

हे मी ड्रायव्हिंग स्कूलच्या पोराला सांगितले. तो म्हणाला, "साहेब, ब्रेक मारला की थांबते गाडी." त्याचे चूक नव्हते. त्याची गाडी आजवर थांबतच आली होती. हाताला जे कळते ते घडून गेलेल्या गोष्टींतून. जे अजून घडलेले नाही ते हाताला कळायचे असेल तर एकदा घडावे लागते. आणि इथेच माझे शेजारच्या काकांशी, राइलसाहेबांना पूर्ण मान देऊन, जमत नाही. अनुभव हा गुरू चांगला, पण तो फी कोणाकडून घेतो? पोहणे चुकीचे शिकलो तर मी बुडतो. स्वयंपाक चुकीचा शिकलो तर मी जेवतो. फार तर ही जेवते. पेटी चुकीची शिकलो तर शेजारी घर बदलतात. पण मोटार चुकीची शिकलो तर फी भरतो तो रस्त्याच्या कडेने चाललेला तिसराच कोणीतरी. पोहण्याचे ते वाक्य पोहण्यापुरते खरे आहे. मोटारीला ते लावताना हा तिसरा माणूस हिशेबातून सुटतो.

आमच्या परंपरेतला सर्वांत मोठा सैद्धांतिक वर्ग घेतला तोही एका सारथ्यानेच. रथ दोन सैन्यांच्या बरोबर मधोमध उभा करून अठरा अध्याय, सातशे श्लोक. मागून एकानेही हॉर्न वाजवला नाही. आज वडखळच्या नाक्यावर सातशे श्लोक सोडा, गाडी सात सेकंद उभी करून दाखवावी.

मेहुण्यांचे म्हणणे मात्र वेगळे होते. ते म्हणाले, "भावोजी, समर्थांनी याला पढतमूर्ख म्हटलंय." समर्थांचे नाव निघाले की आम्ही रायगडवाले जरा सावरून बसतो, कारण दासबोध जिथे लिहिला गेला असे मानतात ती शिवथरघळ आमच्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात. मी दासबोध काढून बघितला. दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खांच्या लक्षणांचा आहे आणि पढतमूर्खांची लक्षणे आहेत ती दहाव्यात. पढतमूर्ख म्हणजे काही न येणारा माणूस नव्हे. सगळे जाणतो, दुसऱ्याला सांगतो आणि स्वतः तसा वागत नाही, तो. म्हणजे पुस्तक वाचणे हा समर्थांच्या लेखी गुन्हा नव्हता. वाचून विसरणे हा होता. मी हे मेहुण्यांना दाखवले. मेहुणे म्हणाले, "ते ठीक आहे, पण गाडी कधी काढताय?"

गाडी काढली. रविवारी, पहाटे. शनिवार-रविवारी उशिरा निघण्यात अर्थ नसतो, कारण मार्च २०२० मध्ये मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईची माणसे मोटारीसकट समुद्र ओलांडून येतात. पूर्वी नुसती माणसे लाँचने यायची आणि टांग्यात बसायची. आता ती गाडीतच बसून समुद्रावरून येतात, धक्क्यावर उतरतात आणि टांग्याला हॉर्न देतात. आम्ही रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदच्या बाजूला चाललो होतो. पुढेमागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावलेला. त्याचीही मापे नियमांत दिलेली आहेत : पाटी अठरा सेंटिमीटर चौरस, अक्षर दहा सेंटिमीटर उंच, दोन सेंटिमीटर जाड, तळाला नऊ सेंटिमीटर रुंद. मी पट्टी घेऊन काढला होता. शेजारी गुरुजी, म्हणजे चिरंजीव.

पुढे एका उतारावर रस्त्याचे काम चालू होते आणि रस्ता एका गाडीपुरताच उरला होता. खालून खडी भरलेला एक ट्रक चढत येत होता. मी वरच थांबलो.

"बाबा, चला. बसतो आपण. तो थांबेल."

"चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं."

"कोण म्हणतं?"

"नियम म्हणतो. भरलेली गाडी चढणीत थांबली तर पुन्हा निघताना मागे घरंगळते. आपल्याला नुसता ब्रेक सोडायचाय."

मागे दोन गाड्या येऊन थांबल्या आणि त्यांनी हॉर्न सुरू केला. चिरंजीव सीटमध्ये खाली सरकले, कोणी ओळखीचे बघू नये म्हणून. ट्रक कण्हत कण्हत वर आला. जाताना त्या ड्रायव्हरने खिडकीतून हात वर केला. नुसता हात. आभार किंवा हसू वगैरे काही नाही. बँकेत पावतीवर मारतात ना शिक्का, तसा. एक पोच.

"अशाने आपण मुरुडला पोचणार नाही," चिरंजीव म्हणाले. पण मग थोडे पुढे गेल्यावर म्हणाले, "मला वाटायचं, ज्याची गाडी मोठी तो आधी."

आपल्याकडे सगळ्यांनाच तसे वाटते, कारण रस्ता तसे शिकवतो. रस्ता हाही एक शिक्षक आहेच. आमच्या चिरंजिवांचा हात त्यानेच तयार केला. पोफळी आणि एसटी यांच्यामधून गाडी काढणे शिकवले, आणि त्याच तासाला जो आधी घुसेल त्याचा रस्ता, हेही शिकवले. हाताला त्यांतले चांगले कोणते आणि वाईट कोणते, ते निवडता येत नाही. दोन्ही सारखेच अंगवळणी पडते. ते निवडायला लागणारी गोष्ट हात रिकामे असताना, गाडी उभी असताना, कोणी हॉर्न देत नसताना शिकावी लागते. म्हणजे घरी. पातेल्याचे झाकण त्यासाठी लागत नाही, हे मी मान्य करतो. पण त्याने बिघडतही नाही.

मला तर नियमांचे ते पुस्तक जमाखर्चाच्या वहीसारखे दिसू लागले आहे. द्विनोंदी पद्धतीत एकीकडे जमा पडली की दुसरीकडे नावे पडलीच पाहिजे. ट्रकवाल्याला जाण्याचा हक्क जमा झाला तो मी थांबण्याचे कर्तव्य माझ्या नावे लिहून घेतले म्हणून. मी ते लिहून घेतले नाही तर त्याचा हक्क हा नुसता कागद. आणि आम्ही दोघे एकमेकांना ओळखत नाही. त्याने हे कुठल्या गावात शिकले, मला ठाऊक नाही; मी स्वयंपाकघरात शिकलो, हे त्याला ठाऊक नाही. तरी वही जुळली.

एका अख्ख्या देशाने असा घरचा अभ्यास करून दाखवल्याचे उदाहरण आहे. स्वीडनमध्ये वाहने डावीकडून चालत. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता ती उजवीकडून चालू झाली. पाचला दहा कमी असताना रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, सावकाश दुसऱ्या बाजूला गेल्या आणि पाचाच्या ठोक्याला निघाल्या. त्याआधी घरोघर माहितीपुस्तिका गेल्या होत्या. चाळीस-चाळीस वर्षे गाडी हाकलेले म्हातारे स्वयंपाकघरात बसून आमच्यासारखे पुस्तक वाचत असणार. सगळ्यांना वाटत होते, आता अपघातांचा खच पडणार. झाले उलटेच. सुरुवातीला अपघात कमी झाले. त्या दिवशी सबंध देशात एकही माणूस सवयीने गाडी चालवत नव्हता. प्रत्येकजण जाणून चालवत होता. जणू प्रत्येक गाडीला 'एल' लागला होता. पुढे नवी बाजू अंगवळणी पडली आणि दोनेक वर्षांत आकडे पुन्हा पूर्वपदावर आले.

बँकेत नवा कारकून नोटा दोनदा मोजतो. जुना एकदाच मोजतो आणि गप्पा मारतो. तूट कोणाकडे निघते, हे मी आमच्या शाखेची बदनामी नको म्हणून सांगत नाही.

किल्लीचा प्रश्न मात्र तसा सुटलेला नाही. ती सध्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असते. चिरंजिवांचा परवाना परत करून या, असे मी त्यांना सांगितले नाही. तसे सांगायला हवे होते असे म्हणणारे लोक असतील, आणि त्यांचे म्हणणे मला खोडता येणार नाही. मी एवढेच ठरवले, की पंधराच्या पंधरा येईपर्यंत किल्ली मिळणार नाही. नऊ हा सरकारचा आकडा, तो आमच्या घरात चालणार नाही. यावर चिरंजीव दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुस्तक स्वयंपाकघरातून नाहीसे झाले. त्यानंतर त्यांच्या खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत दिसतो. तो पुस्तकासाठी की मोबाइलसाठी, हे बघायला मी जात नाही. परवा विचारले तर तेरा आले. चुकलेल्या दोन्ही प्रश्नांवर त्यांनी माझ्याशी अर्धा तास वाद घातला, आणि त्यांतल्या एकात, प्रश्नाची भाषाच धड नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटण्यासारखे होते. पण मी ते पटवून घेतले नाही. तेरा म्हणजे तेरा.

या सगळ्यात हिचा अभ्यास आपोआप झाला. पोळ्या लाटता लाटता ती आम्हां दोघांचेही ऐकत होती. आता ती गाडीत मागे बसते आणि आम्हांला चिन्हे सांगते. सगळी चिन्हे तिच्या तोंडून गोलच वाटतात. गेल्या आठवड्यात तिने शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला. परीक्षा रविवारी, दुपारची झाकपाक झाल्यावर. त्या वेळी आम्ही दोघांनीही घरात थांबायचे नाही, अशी तिची अट आहे. आणि जाताना ती मधली चप्पल पायांत घालून जायची नाही, अशी दुसरी.